तिसरी बाजू

पांढरं कव्हर, कोरं. कोपऱ्यात रबरी शिक्का,
त्यातही बँडच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं.
छापणाऱ्यानं मुद्दाम चुकवलं, की शिक्केवाल्यानं, कोण जाणे.
कंपनी नाही, साल नाही, पत्ता तर नाहीच.
मॅपलबेक म्हणाला, चाळीस पौंड,
आणि उगाच दाराकडे बघितलं,
जणू पन्नास वर्षांपूर्वीचे पोलीस अजून वाटेत आहेत.

वॉकलीच्या चॅपलचा हॉल. थर्मासमधला चहा.
खोक्यांवर वाकलेले आम्ही सगळे पिकल्या केसांचे,
एकेक कव्हर बोटानं पुढं लोटत,
सुपातले खडे वेचावेत तसे गप्प.
मी रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरली,
एकतीस वर्षं याच शहरात एक्स-रे धरले तशी.
तिसऱ्या बाजूला एक चरा. बारीक फ्रॅक्चर.
तरी घेतली.

गाणी वाईट आहेत. म्हणजे गाणी चांगलीच,
पण कुणाच्या तरी कोटात लपलेल्या माइकनं ऐकलेली.
ड्रम वाजतो तो शेजारच्या घरात कपाट सरकवल्यासारखा.
गिटार मात्र मधूनच अशी येते
की हातातला कप हातातच राहतो.
आणि तिसऱ्या बाजूला, दुसरं गाणं संपल्यावर,
टाळ्या ओसरताना, अगदी कानाशी,
एक माणूस म्हणतो,
"आरं, शेवटची बस गेली आसंल की."

शेफील्ड सिटी हॉल. नोव्हेंबर चौऱ्याहत्तर.
मी तेव्हा इचलकरंजीत नववीला,
मागांच्या खडखडाटात भूमिती पाठ करत.
हा कोण इथं, या थंडीत, या गर्दीत?
माणूस मला माहीत नाही, पण तो 'की' माहीत आहे.
पंचगंगेच्या अलीकडचा की पलीकडचा, एवढंच विचारायचंय.

त्याला कुणीतरी उत्तर देतं.
म्हणजे उत्तराच्या आधीचा श्वास ऐकू येतो,
आणि सुई चऱ्यावरून उडते ती
थेट पुढच्या गाण्यात.

तेव्हापासून दुसरी प्रत शोधतोय.
लीड्स, चेस्टरफील्ड, डॉनकास्टरचा तो गॅरेजवाला.
सगळ्यांना वाटतं, मला या बँडचं वेड.
मी मान डोलावतो. काय सांगणार?
मृदुला म्हणाली, जुन्या लोकांना विचार ना.
विचारलं. एक घोरपडे होते पोलादाच्या कारखान्यात,
मागच्या मार्चमध्ये गेले.
त्यांची मुलगी फोनवर हसलीच,
"बाबा आणि रॉक? घरात साधा रेडिओ नव्हता."
मग थोडं थांबून म्हणाली,
"माझ्या जन्माआधीचं मात्र मला माहीत नाही."

शेवटी रॉदरहॅमला मिळाली, एका विधवेच्या पोटमाळ्यावर.
तोच शिक्का, तीच चूक, शाई मात्र हिरवी.
एकशेदहा पौंड दिले, घासाघीस न करता.
बाईनं पिशवीत घालून दिली, पाव देतात तशी.
घरी आलो, कोट न काढताच लावली.
स्वच्छ. चरा सोडा, धुळीचा कणही नाही.
दुसरं गाणं संपलं. टाळी सुरू झाली
आणि तोडलेली. लगेच पुढचं गाणं.
नकलेची नक्कल होती ती.
कुणा शहाण्यानं जागा वाचवायला
गाण्यांमधली माणसं कापून टाकली होती.

ती आता कपाटात आहे. पाहुण्यांना तीच ऐकवतो.

रात्री चऱ्याची काढतो. दिवा बारीक.
"आरं, शेवटची बस गेली आसंल की."
श्वास.
आणि तेवढ्यात मी म्हणून घेतो,
जाऊ दे, चालत जाऊ.
कधी म्हणतो, थांब की, दोन गाणी राहिलीत.
काल तर म्हटलं, आपण कुठले?
वरून मृदुलानं विचारलं, कोण आलंय का?
सुई तोवर पुढच्या गाण्यात.